अडचणींचा रकाना

मैमूनाला धावडा गावात सगळे चक्कीवाली म्हणतात. दिवसभर पिठात, पाचनंतर मैदानावर. बाजारामागच्या पडीक जागेतले दगड तिनं नऊ वर्षांपूर्वी स्वतः वेचले, दोन खांब रोवले आणि मुलींना खो-खो शिकवायला घेतला. तिला कुणी नेमलं नव्हतं. शाळेत असताना ती तालुक्याला खेळली होती, तेवढीच तिची सनद. फक्कीच्या रेघा मुलींनीच मारायच्या आणि रविवारी खेळ आटोपला की गुरांचा हौद घासून भरायचा, हा तिचा नियम. हौदाला दांडी मारली ती सोमवारी रेघेबाहेर बसायची.

मुलींच्या ट्रॅकपँट मुनीर टेलर शिवायचा. त्याची मुलगी फरहाना संघात सगळ्यांत चपळ. पहिल्या दिवशी तोच तिला हाताला धरून घेऊन आला होता. "आपा, ही घरात कुणाला बसू देईना. हिला पळवा." तेव्हापासून रोज संध्याकाळी मशीन थांबवून तो पूर्वेच्या खांबामागे येऊन उभा राहायचा.

गेल्या पावसाळ्यात जालन्यातली एक संस्था आली. खेळ आणि समाजसेवेतून तरुण घडवणारी. तिचा माणूस कल्याण बोलायला गोड होता. त्यानं संघातल्या बारा मुलींसाठी बारा जोड बूट कबूल केले आणि बारा फॉर्म दिले. त्यात एक रकाना होता : खेळात येण्यापूर्वीच्या अडचणी. मैमूनानं बाराही ठिकाणी लिहिलं, काही नाही.

कल्याण हसला. "ताई, असे फॉर्म गेले तर बूट दुसऱ्या गावाला जातील. घरचा विरोध लिहा. सगळेच लिहितात. कागदच आहे."

मैमूनाला मुलींचे चिरलेले तळवे दिसले. तिनं बारा वेळा घरचा विरोध लिहिलं.

बूट आले. मग घनसावंगीच्या सामन्याला चार दिवस उरले असताना बसथांब्यावर फ्लेक्स लागला. त्यावर पळणारी फरहाना. खाली ठळक अक्षरं : वडिलांनी कोंडलं, आम्ही मैदान दिलं. कोपऱ्यात गुरांचा हौद, संस्थेचा उपक्रम म्हणून.

त्या दिवशी थांब्यावर कुणीतरी हाळी दिली, "काय टेलर, पोरगी सुटली म्हणं तुमच्या कैदेतून." संध्याकाळी खांबामागची जागा रिकामी राहिली. फरहानाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैमूनानं चक्कीवरूनच फोन लावला. कल्याण म्हणाला, "सोमवारी पाहुणे येणार आहेत. तोवर राहू द्या. आणि लिहिलंय तर तुम्हीच."

तिची कानशिलं तापली. खरं होतं म्हणून जास्तच. "पोरी पळतात एवढं तुम्हाला पुरत न्हाई का? आधी त्यांना दुबळ्या केल्याशिवाय बूट द्यायला तुमचा हात उठत न्हाई?"

पलीकडून फोन बंद झाला.

ती तशीच पिठाच्या हातांनी मुनीरच्या दुकानात गेली. "मुनीरभाई, ते मी लिहिलं. बुटांसाठी."

मशीन थांबलं. मुनीरनं सुईखालचं कापड ओढून घेतलं. "आपा, मैंने कब रोका?"

"कधीच न्हाई."

"आजही न्हाई रोकलं. तीच म्हणते, त्या बुटांत पाय घालणार न्हाई."

मैमूना उंबऱ्यापाशी उभी राहिली. माफी तोंडात आली नाही, ती फार स्वस्त वाटली. "कात्री द्या," ती म्हणाली.

कापडाची कात्री मुनीर बायकोलाही देत नसे. कागद कापला तरी धार जाते म्हणायचा. फ्लेक्सला तर नक्कीच जाणार. त्यानं ती उचलली, फडक्यानं पुसली आणि तिच्या हातात दिली.

संध्याकाळी मुलींनी परत द्यायचे बूट हौदावर धुतले. तृप्ती कुरकुरली, "ताई, मला आत्ता कुठं बराबर बसायला लागल्ते."

"मंग पाय वाढलेत तुझे. काढ."

दुसऱ्या दिवशी सोमवारच्या तयारीसाठी कल्याणची जीप थांब्यावर आली. मैमूनानं बुटांचं पोतं तिच्या टपावर ठेवलं आणि वर बारा नवे फॉर्म, बाकी कोरे, फक्त अडचणींच्या रकान्यात लिहिलेलं : काही नाही. मग स्टूल मागवून ती मुनीरची कात्री घेऊन फ्लेक्सपाशी वर चढली.

"ताई, लोक बघून राह्यले," कल्याण हळू आवाजात म्हणाला.

"लावलं ते लोकांनी बघावं म्हणूनच ना? आता हेही बघतील." दोऱ्या तुटल्या. फ्लेक्स घसरत खाली आला. थांब्यावरच्या माणसांकडं वळून ती म्हणाली, "मुनीर टेलरनं पोरीला कधीच कोंडलं न्हाई. हे खोटं मी लिहिलं होतं. ऐकलं का सगळ्यांनी?"

हाळी देणारा पानटपरीच्या आड सरकला.

संध्याकाळी मुलींनी रेघा मारल्या. अकराजणी अनवाणी. मैमूना शिट्टी तोंडात धरून उभी होती, वाजवत नव्हती. मग बाजाराच्या बाजूनं फरहाना पळत आली, तिच्या मागून मुनीर, गळ्यात मापाची पट्टी तशीच. तो पूर्वेच्या खांबामागे जाऊन उभा राहिला.

"कात्रीला धार लावून देते," मैमूना म्हणाली.

"राहू द्या, आपा. आधी शिट्टी वाजवा."