खोड सांगून विकायचं

"आधी खोड ऐक, मग किंमत विचार." गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत तात्यांचं हे वाक्य व्हायचं, आणि गिऱ्हाईक उठायच्या तयारीला लागायचं.

चऱ्होलीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. अशा दुकानात काहीही काम नसताना बसून राहणारा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे तात्या बसायचे. जमीन बिल्डरला गेली तेव्हा त्यांनी आणि धाकट्या भावानं शेजारी शेजारी बंगले बांधले. मग गावात जो तो घेतोय म्हणून तात्यांनीही परवाना काढला आणि कुणाचं तरी वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेतलं. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मीच भरून द्यायचो. एके दिवशी मला म्हणाले, "इकायचं हाय. अर्ज लिव."

आता विकायचं तर घेणाराही परवानेवाला लागतो. मी ओळखीपाळखीतून तिघं-चौघं शोधून आणले. तात्या प्रत्येकाला सांगत, सहा घरांचं चाक आहे, त्यातल्या एका घराला अडतं, अंगठ्यानं ढकललं की सुटतं. उभी हयात चाकणच्या बैलबाजारात गेलेली. बैल बसका असला तर बसका म्हणून सांगायचं, मारका असला तर मारका म्हणून. पण बसक्या बैलालाही कुणीतरी धनी भेटतो, अडणारं रिव्हॉल्व्हर कोण घेईल हो? तळवड्याचा एक वर्कशॉपवाला म्हणालाच, चोर समोर उभा असताना मी अंगठा कुठं लावत बसू? तात्या म्हणाले, मग घेऊ नगा.

मी जाम वैतागायचो. शेवटी पुण्यातल्या एका हत्यारांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, किरकोळ काम आहे, आठ दिवस ठेवून जा, नव्यासारखं चालेल, मग गिऱ्हाईक बघू. मी मोठ्या फुशारकीनं तात्यांना ही बातमी दिली, तर त्यांचा चेहराच उतरला.

"दुरुस्त न्हाई करायचं."

"अहो, पण का?"

"गिऱ्हाईक न्हाई मिळालं आन् ते परत घरी आलं तर?"

मला वाटलं, म्हातारा खर्चाला भितोय. माझं तोंड फटकळ. कंजूष म्हणालो त्यांना, चार माणसांत. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हटलं, सरकारजमा करून टाका. त्यावरही त्यांचं उत्तर तयार. इकलं तर कोन काय इचारत न्हाई, फुकट देऊन टाकलं की सारं गाव इचारतं, का दिलं म्हनून. हा माणूस खुलायचा फक्त आचारसंहितेत. निवडणूक लागली की हत्यारं पोलीस चौकीत जमा होतात. तेवढे दिवस तात्या चहा मागवायचे, मला चिडवायचे. निकाल लागला, रिव्हॉल्व्हर घरी आलं, की पुन्हा गप्प.

एका दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. मी आधार कार्डं लॅमिनेट करत होतो. सहज म्हणून विचारलं, "तात्या, एकही गोळी उडवली नाही म्हणता. मग चाक अडतं हे कळलं कसं तुम्हाला?"

त्यांनी हळूहळू सांगितलं. दोन बंगल्यांमध्ये हातभर बोळ आहे, तो कुणाचा यावरून भावाभावांत कडाक्याचं भांडण झालं होतं. भाऊ नको ते बोलून गेला आणि खाली जाऊन गाडी धुवायला लागला. तात्या घरात गेले आणि रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आले.

"पाठमोरा हुता त्यो. म्या चाप वढला. चाक अडलं." तात्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्याला काय म्हाईत? वळून न बघताच म्हनला, दादा, च्या झाला का रं?"

यंत्रात कुणाचं तरी आधार कार्ड अडकून करपलं. मला कळलं नाही.

"दुरुस्त केलं तर ते चालंल. न्हाई केलं तर कुनी घेत न्हाई. सांग, काय करू म्या?"

त्यांना कंजूष म्हणालो होतो, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी सरकारजमा करायचा अर्ज टाइप केला. कारणाच्या रकान्यात मीच वयोमान लिहिलं. त्यांच्यासोबत चौकीतही गेलो. वाटलं, सुटला बिचारा.

चार दिवसांनी पिशवी घेऊन दुकानात आले. काळेवाडीला लेकीकडं चाललो म्हणाले, कायमचं. मी म्हटलं, आता कशाला? गेलं ना ते घरातून?

"ते गेलं," तात्या म्हणाले. "हात हायेत की माझ्याजवळ."

ते काही परत आले नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांचा भाऊ आला, बक्षीसपत्राची झेरॉक्स काढायला. सगळा बोळ त्यानं तात्यांच्या नावावर केला होता. काउंटरला रेलून म्हणाला, "तरी दादा येत न्हाई. फोन केला की निस्ता रडतो. तू त्याच्या जवळचा. माझं काय चुकलं, तुला तरी म्हाईत असंल."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"मग कुनाचं?"

किती प्रती काढू, असं मी त्याला विचारलं.