पडद्याला नमस्कार

प्रोग्राम कोसळला की सर खुर्चीतून उठायचे, पडद्यापुढे हात जोडायचे आणि गर्जायचे, "खरं बोललास रे बाबा!" गर्जना अशी, की बेलापूरच्या कचेऱ्यांत डुलक्या घेणारे कारकून दचकून फायली उघडत असणार. शिरवण्यातल्या आमच्या गाळ्याचं पत्र्याचं छप्पर तर हमखास थरथरायचं. खोटं वाटत असेल तर छपराला विचारा, अजून गळतंय.

तुमच्याही नोकरीत असा एखादा गुरू भेटला असेल. माझा भेटला नव्वदीच्या मधल्या वर्षांत. आमची कंपनी म्हणजे मालक, सर, मी आणि कायमची सर्दी झालेला एसी. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांसाठी आम्ही तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनवायचो. त्या कंट्रोलरच्या पोटात डोकावायला सरांनी स्वतः डीबगर लिहिला होता. इकडे पीसी, मध्ये लांब केबल, पलीकडे कंट्रोलर. पलीकडे चाललेलं इकडे पडद्यावर दिसायचं.

त्यात सरांची एक ओळ होती, असर्शनची. म्हणजे प्रोग्रामनं घेतलेली शपथच: पलीकडचा जिवंत असेल तरच आकडा दाखवीन, नाहीतर इथंच प्राण सोडीन. केबल जरा हलली की 'असर्शन फेल्ड', आणि डीबगर आडवा.

"सर, ही ओळच काढून टाकू या ना," मी नवा असताना म्हणालो.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कुलदैवताचा भाव विचारला. "गड्या, खोटं बोलून जगणाऱ्या प्रोग्रामपेक्षा खरं बोलून मेलेला बरा. शंका घेणाऱ्याचं तोंड दाबायचं नसतं. शंका का आली ते शोधायचं."

हे वाक्य मी वाशीच्या मंडईत ऐकवलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकवलं, मुलगी बघायला गेलो तिथंही ऐकवलं. मुलीनं लगेच माझ्यावर शंका घेतली आणि ठरता ठरता लग्न मोडलं. तरी गुरूवर राग नाही!

मग सरांना अमेरिकेत नोकरी लागली. मालकानं वाट अडवली. तळोज्याच्या गिऱ्हाइकासमोर डीबगर आडवा झाल्यापासून तो चिडून होता. "आधी हे मरणं थांबवा, मग रिलिव्हिंग लेटर."

एका संध्याकाळी सर म्हणाले, "झालं, गड्या. सापडलं."

मी केबल गदागदा हलवली. पडद्यावरचा आकडा ढळला नाही. मी तिथंच त्यांच्या पाया पडलो. "काय होतं, सर?"

"किरकोळ होतं रे," म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. लेटर मिळालं. सर गेले.

पुढच्याच आठवड्यात मी एकटा तळोज्याला. टाकीत साधं पाणी तापवून चाचणी होती, आणि समोर प्लांटच्या मॅडम. पडद्यावर बासष्ट अंश. बराच वेळ बासष्टच.

"बघा मॅडम, हिमालय हलेल, हा हलणार नाही! आमच्या सरांचं काम आहे." ऐटीत वळलो तो पाय केबलमध्ये अडकला. केबल उपटून माझ्या बुटाला लटकली. पडद्यावर बासष्ट.

मॅडमनी बुटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "काय हो, तुमचा कॉम्प्युटर हवेतनं वाचतो का?" मग टाकीवरच्या काट्याकडे बोट केलं. काटा शंभरकडे निघाला होता. कंट्रोलर केव्हाच हँग झालेला. पडदा शेवटचा आकडा कवटाळून बसला होता. "आज पाणी आहे म्हणून हसतेय. सोमवारी यात भस्सकन पेटणारं सॉल्व्हंट भरणार होतो. तुमच्या त्या आकड्याच्या भरवशावर. उचला सामान."

गाळ्यात येऊन मी सरांची फाइल उघडली. सापडलं काहीच नव्हतं. त्या ओळीपुढे फक्त दोन तिरक्या रेघा मारलेल्या, म्हणजे प्रोग्रामनं ती ओळ वाचायचीच नाही. ओळ जागच्या जागी, तोंड तेवढं बांधलेलं.

नेरूळच्या बूथवरून अमेरिकेला फोन लावला. "सर, ती ओळ?"

पलीकडे नुसती खरखर. मग, "मालक सोडत नव्हता रे."

"मालकाला नाही सांगितलंत, ठीक. मला तरी?"

"तू पाया पडलास, गड्या. मग कसं सांगणार?"

फोन तुटला. लाइन गेली की त्यांनीच ठेवला, हे कळायला तिथं असर्शन नव्हतं.

मी रेघा पुसल्या. डीबगर मेला. पुन्हा जगवला, पुन्हा मेला. शेवटी सापडलं: केबल सुटली तरी डीबगर जुने आकडे टाकून देत नव्हता, पलीकडचा गेला हे मानतच नव्हता. मग ते आकडे पुसायला लावले आणि पडद्यावर स्पष्ट लिहायला लावलं, 'पलीकडून उत्तर नाही'. मला आठवडा गेला. सरांच्या हाताला ते एका दुपारचं काम होतं. तेच जास्त लागलं.

आता त्यांचा शेवटचा दिवस आठवतो. मालकाला नमस्कार, वॉचमनला नमस्कार, चहाच्या टपरीला नमस्कार, सर्दीवाल्या एसीलासुद्धा. दाराकडे जाताना वाटेत तो पीसी होता, चालू. पडद्यावर आकडा. सर अंग चोरून, भिंतीला खांदा घासत, दुसऱ्या बाजूनं निघून गेले.

मला वाटलं, विमानाची घाई.