शरूचा वरण-भात आणि मिर्झापूरचे समधी

लिही गं मधू. शरू म्हणजे माझी धाकटी जाऊ, शरदिनी, हे आधी लिही, नाहीतर वाचणारा म्हणेल कोण ही शरू. आणि हसू नको आत्तापासून, अक्षर हलतं तुझं.

शरूच्या हाताला पुरण होतं. आता कसं सांगू? डाळ आम्ही पण शिजवायचो, गूळ आम्ही पण घालायचो. पण तिची पोळी तव्यावर पडली की अशी फुगून बसायची, रुसलेला जावईच! काशीला श्राद्धाला आलेले पुण्या-नागपूरचे यात्रेकरू आमच्याकडे जेवायचे, ते पाटावरून उठायचेच नाहीत. मग शेजारच्या बँकेतल्या सुमंतांनी मुंजीच्या पोळ्या तिच्याकडून करून घेतल्या. त्या मुंजीत जेवले रामनगरचे गोपीनाथ सेठ, बर्तनवाले. दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"बहूजी, मेरी बिटिया का रिश्ता पक्का करने मिर्ज़ापुरवाले आ रहे हैं. पूरा मराठी खाना, जैसे आपके घर में बनता है. कुछ बदलिएगा मत!"

शरू तर हवेत. चाळीसेक पानं, आणि घराबाहेरचा पहिला मोठा स्वयंपाक! पण आमच्या सासूबाई, माई, त्या काय अशा सोडतात?

"पुरण कुळाचाराचं असतं, बाजाराचं नाही," म्हणाल्या.

"एकदाच जाऊ द्या ना माई."

"जा. पण अन्नपूर्णेच्या गावात तू वाढलेलं एक जरी पान न शिवता परत आलं, तर बाहेरचा स्वयंपाक तिथेच बंद. परत नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," शरू म्हणाली. असं पटकन म्हणाली की मीच घाबरले.

सकाळी अहिल्याबाई घाटावरून होडीत बसलो. पुरणाचं पातेलं शरूच्या मांडीवर, तुपाचा डबा माझ्या मांडीवर, मध्ये पाटा-वरवंटा. नाव कलंडली अशी एका बाजूला! नाववाला शिवराम म्हणतो, "चाची, डूबे तो पहले किसको बचाऊँ?"

"पुरण को!" शरू म्हणाली.

"और बड़ी चाची?"

"वो तैर लेंगी."

मला कुठे येतं तैरायला! पण हसता हसता पलीकडे पोचलो पण.

सेठजींच्या आंगनात पत्तली, म्हणजे आपल्या पत्रावळी, मांडल्या. शरूने सगळं आपल्या रीतीने केलं. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. आपल्याकडे पहिला भात वरणाचा. तशी गोल गोल मूद, वर पिवळं वरण, वर तुपाची धार. देवाच्या नैवेद्यासारखं दिसत होतं हो!

आणि एकानेही हात लावला नाही.

मुलाचे आजोबा, पांढऱ्या मिशांचे, त्यांनी पत्तल दोन बोटांनी पुढे सरकवली. "कच्ची रसोई? अभी से?"

सेठजींचं तोंड पांढरं. मग आम्हाला कळलं. त्या लोकांत डाळ-भात म्हणजे कच्चं अन्न, ते फक्त सोयऱ्यांत खायचं. लग्न लागलं की समधी, आपले व्याही हो, भात खातात. तोवर पुरी-कचौरी, तुपात तळलेलं, तेवढंच चालतं. आम्ही काशीत एवढी वर्षं राहिलो, पण जेवलो आपसातच, आम्हाला कोण सांगणार? आणि सेठजी म्हणालेले ना, कुछ बदलिएगा मत!

चाळीस पानं न शिवता परत! माई काय म्हणतील ते मला तिथेच ऐकू यायला लागलं.

शरू माझ्या कानात म्हणाली, "वैनी, यांना उठू देऊ नका. मी पुरणाचे कडबू तळते. तळलेलं तर खातील!" आणि पळाली चुलीकडे.

मी कसं थांबवू? माझी हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरती. आजोबा उठायला लागले तशी मी तुपाचं भांडं घेऊन मध्ये उभी राहिले आणि जे तोंडात आलं ते म्हणाले. उखाणा आला!

"काशीहून होडीत बसले, उतरले रामनगर,
वेणीमाधवराव दूध, मी त्यातली साखर!"

सगळे माझ्याकडे बघतायत. वर छतावरून घरच्या बायका वाकून बघत होत्या. त्यांनी काय पाहिलं? खाली समध्यांच्या पत्तलीवर भात, आणि एक बाई सुरात काहीतरी म्हणतेय. त्यांना वाटलं, गारी सुरू झाली! समधी भात खायला बसले की बायका त्यांना गाण्यातून शिव्या देतात, ती गारी. मग कसल्या थांबतायत! ढोलक आली, आणि—

"समधी आए मूँछ बढ़ाके, भूल आए समधिन को,
भात देखके ऐसे डरे, जैसे देखा नागिन को!"

सेठजी वर हात करून ओरडतायत, "चुप! अरे चुप!" ढोलकीपुढे कोण ऐकतं? मिर्झापूरची पोरं फुटली हसून. आजोबांची मिशी हलायला लागली. आधी एक टोक, मग दुसरं. मग धपकन खाली बसले.

"गोपीनाथ, गारी तो खिला दी तुमने," म्हणाले. "अब भात छोड़ूँ तो घाटा मेरा ही है. लो, हो गया रिश्ता!" आणि सबंध हात वरण-भातात!

आजोबांनी खाल्लं म्हटल्यावर बाकीचे तुटून पडले. इतक्यात शरू आली, तोंड लाल, पदर खोचलेला, परातीत गरम कडबू. "पक्की! पक्की रसोई!" ओरडत आली आणि बघते तर काय, आजोबा बोटं चाटतायत. तिला रडू आलं का हसू, तिलाच कळेना.

"ई भी रख दो बिटिया," आजोबा म्हणाले, "पेट भी पक्का हो जाए."

घरी आलो तर माई दारातच. "किती पानं परत आली?"

"एकही नाही, माई."

"भात खाल्ला त्यांनी? कच्चा?" माईंना म्हणे ती रीत ठाऊक होती! मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणतात, "कोणी विचारलं मला?" आणि आत जाऊन मोठं पातेलं स्वतः माळ्यावरून काढायला लागल्या.

मग शरूने नियमच केला. मुलगी बघायला आले तर कडबू, रिश्ता झाला की वरण-भात. आणि रामनगरात कोणाचं लग्न ठरलं की नाही हे विचारायचं असलं, तर अजून विचारतात,

"मराठिन का भात खाए, कि अभी कडबू पर अटके हो?"