माणसं बसवून आणा

निपाणीच्या हायवेवरचा तो मिस्त्री आडमुठाच. गाडी किती पळायला हवी, हे तो गिऱ्हाइकाला विचारतच नसे. "गाडीत बसतंय कोण?" एवढंच विचारायचा.

आणीबाणी उठली त्या सुमारास मला माझ्या जुन्या विलायती गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये नवी क्राउन-पिनियनची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांची, जोडी बसवायची होती. बेळगावपर्यंत सुसाट पळवणारी. तो म्हणाला, "रोजची माणसं बसवून आणा, अण्णा. रिकाम्या गाडीचं मला कळत न्हाय."

माझे वडील, आप्पा, अंगानं दांडगे. त्यांना मागं बसवून तवंदीचा घाट चढलो. मिस्त्री माझ्या शेजारी डोळे मिटून इंजिन ऐकत होता. परतल्यावर त्यानं हळू पण ओढणारी जोडी निवडली. "सपाटीला पळाय वरचा गिअर, ओव्हरड्राइव्ह, देतो की! पर आप्पा घाटात अडकाय नकोत." मी चिडलो, तो बधला नाही.

आप्पा गेल्यावर चार महिन्यांनी ऑइल बदलायला गेलो. मी काहीच सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवर धूळ साचली होती. ती बघत तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"अण्णा, आता पळणारी जोडी बसवू?"

"नको," मी म्हणालो. "हाय तीच ऱ्हाऊ दे."