एका पायावर सतराचा पाढा

आमच्या मोठ्या बाईंच्या मते या जगातली यच्चयावत संकटं माणसं बसल्यामुळे आलेली होती. आजारपण, आळस, घरातली भांडणं, मुलींना वाटणारी गणिताची भीती, झाडून सगळ्यांचं मूळ एकच, ते म्हणजे बसणं. "बसलेल्या मुलीच्या डोक्यात काही शिरत नाही हो, सगळं मांडीत उतरतं," असं त्या इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणारा नकळत उठून उभा राही. अंबरनाथला निर्वासितांच्या कॅम्प चारच्या अंगाला एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या लांबलचक पडवीत आमची मुलींची प्राथमिक शाळा भरायची आणि मोठ्या बाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा डावा पाय लहानपणीच्या दुखण्यात गेलेला, वाळून आखूड झालेला. हातात वेताची काठी असे, पण ती त्यांनी मुलींवर कधी उगारली नाही. तिच्यावर रेलून त्या दिवसभर उभ्या असत. त्यांनी कुणाला 'बसा' म्हटलेलं मी ऐकलं नाही. पालक आले की, "या, उभ्या उभ्याच बोलू." मुलींना लिहायला गोणपाटावर बसावंच लागे, तेव्हाही त्या फक्त "पाट्या घ्या" एवढंच म्हणत आणि बसण्याचा उल्लेख टाळत.

अशा बाईंच्या हाताखाली देवानं मला धाडलं, यात त्याला काय गंमत वाटली कोण जाणे. माझा देह बसण्यासाठीच घडवलेला आहे. लहानपणी फुगडीत माझी जोडीदारीण नेहमी रडत घरी जायची आणि लपंडावात मी पहिल्या जागेवरून कधी हललेच नाही. सातवीची फायनल पास झाल्यावर मी शिक्षिका व्हायचं ठरवलं, तेही विद्यादानाच्या ओढीनं वगैरे नव्हे. आमच्या लहानपणच्या बाईंना हातांची एक छान रुंद खुर्ची होती, तीच माझ्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या दिवशी मी सगळ्या पडवीत नजर फिरवली, खुर्ची दिसेना. शेवटी वर पाहिलं तर आढ्याला एक खुर्ची उलटी टांगलेली. "ती तपासणीच्या साहेबांची," मोठ्या बाई म्हणाल्या, "वर्षातून एकदा उतरवतो." मग मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि तिसरीच्या वर्गाबरोबर सगळ्या शाळेचे खेळही माझ्याकडे सोपवले. मी घाबरत घाबरत शिट्टी फुंकली. "ही शिट्टी झाली की चहाला आधण आलं?" एवढीच त्यांची प्रतिक्रिया.

गिरणीपुढे एका शेतकऱ्याचं शेणानं सारवलेलं प्रशस्त खळं होतं. तेच आमचं मैदान आणि तीच आमची खरी शाळा. भूगोल खळ्यावर चाले. घागरीनं पाणी ओतून उल्हास नदी वाहवली जाई आणि मुली तिच्यावरून उड्या मारत. जी नदीत पडेल तिनं काठावरची गावं सांगितल्याशिवाय बाहेर यायचं नाही. नमुना दाखवण्याचा मान अर्थातच माझा. मी पहिल्याच उडीला बदलापुराजवळ बुडाले आणि मला गावं आठवेनात म्हणून मधली सुट्टी होईपर्यंत पाण्यात उभी राहिले. कविता फुगडीच्या तालावर, शुद्धलेखन लेझमीच्या ठोक्यावर. सरकारनं टकळीवर सूत काढायला शिकवा म्हणून सांगितलं, तर मोठ्या बाईंनी तेही चालता चालता काढायला लावलं. आठवड्याभरात गिरणीचे खांब, चिंचेचं झाड आणि शेजाऱ्यांची एक शेळी असं सगळं एकाच धाग्यात गुंफलं गेलं.

संगीत खुर्चीचा नियमसुद्धा त्यांनी उलटा केला होता. एक तर खुर्च्या नव्हत्या, म्हणून पाट मांडले. शिवाय गाणं थांबल्यावर जी पाटावर बसेल ती बाद! बसण्याच्या या खेळात तरी माझा निभाव लागेल असं वाटलं होतं, कारण पाट दिसला की मला बसावंसं वाटतंच. तिथे मी पहिल्याच फेरीत बाद झाले. बाकीच्या मुली कुणीच बसेनात, त्यामुळे तो खेळ कधी संपतच नसे. शाळा सुटल्याची घंटा झाली की सगळ्या जिंकल्या असं जाहीर करून मोठ्या बाई समाधानानं घरी जात.

पण त्यांचा खरा जीव लंगडीवर. पाढे लंगडी घालत म्हणायचे, एका उडीला एक ओळ, हा शाळेचा नेम होता. बे एकेपासून सुरुवात केलेल्या मुली तिसरीत सतराच्या पाढ्यापर्यंत एका पायावर पोचत आणि त्यांना तो इतका चोख येई की ऐकत राहावं. मला पाढा येत होता, लंगडी येत नव्हती. सतरा चोकला माझा तोल जाई आणि पंचेला मी हमखास खळ्यावर लोळण घेई. मुली मोठ्या मायेनं मला उठवत, झाडत आणि "बाई, आज एक घर पुढं गेलात," असं सांगत. कॅम्पातले एक सिंधी कापडवाले एकदा तक्रार घेऊन आले. त्यांची मुलगी आमच्या तिसरीत होती. "बाईजी, हमने लडकी को पढने भेजा है. वो घर में रात-दिन कूदती है. बाजूवाले दीवार ठोकते हैं." बराकीत मधल्या भिंती पातळ, त्यामुळे त्यांचंही खरं होतं. मोठ्या बाई त्यांच्या खास हिंदीत म्हणाल्या, "सेठ, वो कुदती है इसलिए तो उसको आता है. तुम भी कुदके देखो." शेठ गेले. पुढच्या आठवड्यात मुलीनं सांगितलं की बाबा आता दुकानात कुणी नसलं की कुदतात.

शाळा तिसरीपर्यंतच होती, ही मोठ्या बाईंच्या मनातली खरी सल. चौथी रुळांपलीकडच्या मुलग्यांच्या शाळेत आणि तिकडे मुलीला धाडायला कुणी राजी नसे. तिसरी झाली की मुलीला घरी बसवत. घरी बसवली हे शब्द ऐकले की मोठ्या बाईंची काठी जमिनीवर आपटायची. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत भरली होती जांभूळ गावची जनी. पहाटे शेरडं सोडून, मधल्या वाटेनं धापा टाकत शाळेत येणारी काटकुळी पोर. एकदा तिचा बाप खळ्याच्या कडेला उभा राहून सांगून गेला, "औंदा तिसरी झाली का बास, बाय. मंग तिला घरी बसवताव. धाकटं पोर कोन सांभालील?" मोठ्या बाई म्हणाल्या, "इथेच चौथी निघाली तर?" बाप म्हणाला, "हितंच निघली तं येल." चौथी निघणं तपासणीच्या साहेबांच्या शब्दावर अवलंबून होतं आणि साहेबांचा शब्द तिसरीच्या तयारीवर. तिसरी माझ्याकडे! मोठ्या बाई त्या दिवसांत माझ्याकडे ज्या नजरेनं बघत, तिची आठवण आली की अजून मी पदर सावरते.

साहेब आले ते नेमके दिवाळीनंतर, भाताच्या झोडणीच्या दिवसांत. खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचलेली, माणसं भात झोडतायत, पाय ठेवायला जागा नाही. साहेब चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे गृहस्थ. आढ्यावरची खुर्ची उतरवून पुसून दिली, तीत ते बसले आणि म्हणाले, "तिसरी. सगळ्या मुलींनी रांगेत खाली बसा. सतराचा पाढा म्हणा."

मुली बसल्या. म्हणाल्या, "सतरा एके सतरा," आणि गप्प झाल्या. हुशारातली हुशार मुलगी छपराकडे बघायला लागली. काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. आमच्या एकाही मुलीनं जन्मात कधी बसून पाढा म्हटलेला नव्हता.

जनीनं हात वर केला. "बाय, येक पाय उचलू का?"

"कशाला?" साहेबांनी विचारलं.

"खाली बसून आठवत नाय."

"साहेब, मुलींना जरा उभ्या राहू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही. उद्या परीक्षेला गेल्या की तिथे काय उड्या मारणार आहेत? बसूनच म्हणायचा." साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच वाईट होतं. मोठ्या बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बाहेर भात झोडल्याचा आवाज येत होता आणि जनी खाली मान घालून गोणपाटाचा दोरा उपसत होती. मग मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "धाकट्या बाई, साहेबांनी मुलींना बसायला सांगितलंय. तुम्हाला नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती घेणार कशी, मी मावले पाहिजे ना! मी पदर खोचला, डावा पाय उचलला आणि साहेबांसमोर उडी मारली. पडवीची जमीन हादरली. वरून कौलांतली माती पडली. आणि माझ्या पायाकडे बघत मुली एका सुरात म्हणाल्या, "सतरा दुणे चौतीस!" पुन्हा उडी. "सतरा त्रिक एक्कावन्न!" साहेब खुर्चीतून उठले. चोकला मी झुलायला लागले, तरी "अडुसष्ट" आलं. पंचेची उडी मी देवाचं नाव घेऊन मारली, "पंच्याऐंशी"चा गजर झाला आणि मी साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत कोसळले. इतकी वर्षं जिची आस धरली त्या खुर्चीत मी अखेर बसले आणि त्याच क्षणी तिचा पाय मोडला. माझाही मुरगळला. साहेब मला उठवायला धावले, पण ते काम एकट्याचं नव्हतं.

पाय थांबला तसा पाढाही थांबला. तेवढ्यात जनी उठली. तिनं कुणाला विचारलं नाही. परकर खोचून ती एका पायावर उभी राहिली आणि सतरा सकची उडी मारून तिनं पाढा पुढे नेला. तिच्यामागे कापडवाल्याची मुलगी, मग सगळा वर्ग. उड्या मारत त्यांनी सतरा दाहे एकशे सत्तर गाठलं, तेव्हा बाहेर झोडणी थांबवून माणसं दारात येऊन बघत होती.

साहेबांनी चष्मा पुसला. "चौथीचं मी वर सांगतो," ते म्हणाले. "पण बाई, यांना बसायलाही शिकवा."

"ते शिकवायला बाहेर सगळं जग आहे, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. जाताना साहेबांनी मोडक्या खुर्चीकडे आणि मग माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी आपला खांदा मला दिला. त्यांचा डावा पाय आणि माझा सुजलेला उजवा. दोघींत मिळून दोन धड पाय होते, त्यांवर आम्ही घरच्या रस्त्याला लागलो. चालताना त्या आपणहून बोलायला लागल्या. "माझ्या शाळेत मुली पळायला लागल्या की आमच्या बाई मला म्हणायच्या, तू बस हो. मी कडेला बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायची. एकदा लंगडीचा डाव लागला. सगळ्या एका पायावर आल्या. मी तर आधीपासूनच तिथे होते. सगळ्यांना बाद केलं मी त्या दिवशी." त्या हसल्या. "मग तिसरीनंतर घरी बसवली. अशा मुलीला शिकवून काय करायचं, म्हणून. दोन वर्षांनी मामा घेऊन गेला, नाहीतर तिथेच असते. त्या दोन वर्षांत जन्माचं बसून झालं हो माझं." मी त्यांचा खांदा जरा जास्त घट्ट धरला, तर म्हणाल्या, "भार बेतानं टाका, बाई. मला अजून चौथी काढायचीय."

चौथी निघाली. जनी तिथे शिकली, पुढे फायनलही पास झाली. माझी लंगडी मात्र पंचेच्या पुढे कधी गेली नाही. मोठ्या बाई नोकरीतून मोकळ्या झाल्यावर बदलापूरला पुतण्याकडे राहायला गेल्या आणि थोड्याच दिवसांत धडका पायही कुरकुरायला लागला. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या. काठी कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यांनी शाळेची, जनीची, खळ्याची चौकशी केली. मी सवयीनं खाटेशी उभी राहूनच सगळं सांगत होते. बोलता बोलता त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, बसा ना जरा."

मी बसले. सगळा जन्म मी बसायला जागा शोधत आले होते आणि ती त्यांनी स्वतः होऊन दिली तेव्हा मला ती अजिबात नको होती.