आक्काबाईंनी हवामहाल आतून पाहिला

आक्काबाई जयपूरला हिंडायला आल्या नव्हत्या, सुनेला घरी न्यायला आल्या होत्या. मुलगा रणजित फौजेत. त्याची बदली सीमेवर झाली, आणि तिथं बायकोला नेता येत नाही. छावणीतलं क्वार्टर मात्र ठेवता येत होतं, आणि सुनेला, प्रणालीला, तिथंच राहायचं होतं. राजा पार्कमधल्या एका रजयांच्या दुकानात तिला काम मिळालं होतं आणि त्यात तिचा जीव रमला होता. रणजितला विचारलं तर "आई म्हणेल तसं" म्हणाला आणि गाडीत बसला. मुलगे असेच, आपलं घोंगडं आईच्या गळ्यात टाकून मोकळे! आक्काबाईंनी फार विचार केला नाही. परमुलखात सून एकटी ठेवायची म्हणजे काय? कराडकडच्या आपल्या गावी जायला त्यांनी उद्याची दोघींची तिकिटं काढून ठेवली.

प्रणालीनं वाद घातला नाही. "आलाय तर हवामहाल तेवढा बघून घ्या, आत्या," एवढंच म्हणाली.

रिक्षातून उतरल्या आणि आक्काबाईंनी मान वर केली ती खाली घ्यायचं नावच नाही. डोईवरचा पदर घसरला, तेही कळलं नाही. खिडक्यांवर खिडक्या, खिडक्यांवर खिडक्या. मोजायला जावं तर नजर घसरून पुन्हा पहिल्या ओळीत. एवढं सगळं पाहून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "व्हय गं, आन् ह्याला दार कुठं हाय?"

"दार मागं आहे, आत्या. रस्त्यावरून दिसते ती महालाची पाठ."

ज्याची पाठ एवढी देखणी, त्याचं तोंड कसं असेल, असं म्हणत आक्काबाई वळसा घालून गेल्या. गुडघ्यांची धास्ती होती, पण वर चढायला पायऱ्यांऐवजी घडीव उतार निघाला. भिंतीला हात लावत त्या रमतगमत वर पोचल्या. वर आणखीच नवल. बाहेरून डोंगराएवढा दिसणारा महाल, आणि आत खिडकीशी जेमतेम बसण्यापुरती जागा! बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण जाळीतून येणारा वारा कसा अंगावरून पाणी गेल्यागत गार. आक्काबाई तिथंच टेकल्या. दगडाची अशी जाळी कुणी कशी कोरली असेल, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला.

पलीकडं एक गाइड चार माणसांना हिंदीत सांगत होता, राण्या इथून बाजार बघायच्या, मिरवणुका बघायच्या, खालून मात्र कुणाला त्या दिसायच्या नाहीत. टीव्हीवरच्या मालिकांनी आक्काबाईंचं हिंदी पक्कं केलं होतं. राण्यांचं कळायला त्यांना अवघड गेलंच नाही. नवी नवरी असताना गावच्या जत्रेत देवाची पालखी त्यांनीही माडीच्या खिडकीच्या फटीतूनच बघितली होती. घरच्या सुनांनी रस्त्यावर यायचं नाही, अशी रीतच होती. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात प्रणालीचा फोन वाजला. दुकानाचे रजयांचे गठ्ठे घेऊन निघालेली हातगाडी खाली बाजारातच अडकली होती. "आलेच, आत्या. इथून हलू नका," म्हणून ती पळाली.

आक्काबाईंनी जाळीला डोळा लावला. खाली रस्ता तुंबलेला. गठ्ठे कलंडलेले, रिक्षावाले कोकलतायत, आणि त्या गर्दीत शिरली त्यांची सून. गावी ही पोर पदर सावरून जमिनीकडं बघायची, "हो आत्या" पलीकडं शब्द नाही. इथं तिनं हात वर केला आणि रिक्षा थांबल्या. गठ्ठ्याला पाय लावून तिनं स्वतः दोर आवळला. दांडकं हलवत पोलीस आला, त्याला ती काहीतरी बोलली. तो हसला, आणि त्यानंच पुढं होऊन वाट करून दिली. हातगाडी सुटली. एवढा थोरला महाल बघून झाला होता, पण आक्काबाईंनी आ वासला तो आत्ता.

प्रणालीनं ओढणीनं तोंड पुसलं, वर पाहिलं आणि हात हलवला. पण कुठल्या खिडकीला? तिला काय ठाऊक! ती आपली सगळ्याच खिडक्यांना हात करत राहिली. आक्काबाईंनी हाक मारली, ती वाहनांच्या कलकलाटात बुडाली. हात बाहेर काढायला गेल्या, तर जाळीतून बोटंच तेवढी जात होती. सून समोर उभी, आणि आपण इथं आहोत हे तिला कळण्याची सोय नाही.

थोड्या वेळानं प्रणाली धापा टाकत वर आली. "उशीर झाला ना, आत्या? चला, सामान बांधायचंय."

आक्काबाई उठल्या नाहीत. "मगाशी हात कुणाला केलास?"

"तुम्हाला. दिसला का?"

"दिसला. म्या बी केला. तुला कुठनं दिसणार?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "माझं एकटीचंच सामान बांध. तुझं तिकीट रद्द कर."

प्रणाली मटकन खाली बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, गावात लोक काय म्हणतील?"

"म्हणंनात," आक्काबाई म्हणाल्या. "त्यांनी कुठं हवामहाल आतनं बघितलाय?"