निरोधची माळ

साहेबांनी माझ्या गळ्यात निरोधच्या पाकिटांची माळ घातली.

शिपायानं ती सकाळी व्हरांड्यात बसून सुईदोऱ्यानं ओवली होती. मी त्याला ओवताना पाहिलं होतं. कुणासाठी, म्हणून विचारलंही होतं. तो नुसता हसला.

मार्च महिना. प्राथमिक आरोग्य केंद्राची बैठक. नर्सबाया, आरोग्य सेवक, अंगणवाडीच्या ताया, सगळे हजर. ज्याच्या नावावर कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेची एकही केस नाही, त्याचा हा सत्कार. मी चोवीस वर्षांचा. आरोग्य सेवक म्हणून लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतला पहिला सरकारी नोकर.

"टाळ्या वाजवा की," साहेब, म्हणजे केंद्राचे डॉक्टर, म्हणाले. टाळ्या वाजल्या.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्याला गावात कोण दारात उभं करणार? ते मला कळतं. पण तुमच्या वस्तीत बायका काय कमी आहेत का रे? जीप भरून आण."

चहा होईपर्यंत माळ काढायची नव्हती. कप तोंडाला लावला की पाकिटं कपात बुडायची. मी एका हातानं माळ बाजूला धरली आणि दुसऱ्या हातानं चहा प्यालो. प्यालो, हेच अजून टोचतं.

संध्याकाळी गयावहिनीच्या दारात गेलो. वहिनी म्हणजे माझा चुलतभाऊ अंबादास याची बायको. दोन लेकरं. पोरगा सहा वर्षांचा, पोरगी चारची. वहिनी भाकरी थापत होती.

"या, सत्कारवाले भावजी," ती म्हणाली. बातमी माझ्याआधी वस्तीत पोचली होती. ती हसली, पण वाईट हसली नाही. माझं तोंड बघून भाकरीकडं वळली.

मी ऑपरेशनचं काढलं. तिनं ऐकून घेतलं. हात पिठात तसेच.

"अन् उद्या परत लेकरू पायजे वाटलं तर?"

"जोडता येतं की वहिनी. नळीच हाय ती."

"खरं?"

"खरं."

मला काय माहीत होतं ते सांगतो. प्रशिक्षणात आम्हाला सगळं नीट शिकवलं होतं. बाईच्या पोटात दोन नळ्या असतात. बीज त्यातून गर्भाशयाकडं येतं. नळ्या बांधून कापल्या की बीज आणि पुरुषाचे शुक्राणू यांची गाठ पडत नाही. पाळी येत राहते, ताकद जात नाही. पण हे कायमचं. परत जोडायचं ऑपरेशन मोठं, आणि ते केलं तरी दिवस राहतीलच असं नाही. हे मला पाठ होतं.

वहिनीला तांबी चालली असती. गर्भाशयात बसवतात, तांब्यामुळं शुक्राणू निकामी होतात, आणि काढली की पुन्हा मूल होऊ शकतं. गोळ्या चालल्या असत्या. त्या बीज बाहेर पडू देत नाहीत, फक्त रोज न चुकता घ्याव्या लागतात. आणि अंबादासची नसबंदी तर सगळ्यात सोपी. पोट उघडायचं नाही, त्याच दिवशी घरी. मात्र त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा, कारण आधीचे शुक्राणू नळीत उरलेले असतात.

यातलं एक अक्षर मी तिला सांगितलं नाही. तांबीची नोंद वेगळ्या वहीत व्हायची. त्यानं माळ सुटत नव्हती. आणि अंबादास तिथंच बाजेवर बसला होता. त्याला मी विचारलंच नाही. पुरुषाला विचारायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मार्च सरायच्या आत ऑपरेशनचं शिबिर शाळेत झालं. बाकं बाहेर काढलेली, वर्गात सतरंज्या. ऑपरेशन झालेल्या बाया ओळीनं निजवल्या होत्या. वहिनी ओळीत शेवटी. पुढच्या बैठकीत साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्याच वर्षी गणपतीत लेकरं मामाच्या गावाला गेली. किल्लारीकडचं गाव. मामानं नवं दगडी घर बांधलं होतं, मातीत रचलेल्या जाड भिंतींचं. पहाटे जमीन हलली. आमच्या वस्तीतली कुडाची घरं उभी राहिली. मामाचं घर बसलं. दोन्ही लेकरं आत होती.

तीन महिन्यांनी वहिनी माझ्या दारात आली. बसली नाही.

"भावजी, जोडून द्या."

मी तिला नांदेडला घेऊन गेलो. एसटीत ती खिडकीशी बसली होती, मी दोन बाकं मागं. तपासण्या झाल्या, पोट पुन्हा उघडलं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "लांबच लांब तुकडा कापलाय दोन्हीकडचा. जोडायला काही उरलेलं नाही. शिबिरात घाईत करतात."

वहिनी शुद्धीवर आल्यावर मी तिला सांगितलं. ती छताकडं बघत होती.

"तुमाला माहीत व्हतं? जुळंलच असं न्हाई, हे?"

"हाव."

तिनं शिवी दिली नाही. तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. अंबादासनं वर्षाच्या आत दुसरी बायको केली. वहिनी उदगीरला गेली. तिथं डाळ निवडायच्या कामावर आहे, असं ऐकतो.

पुढचा मार्च. भूकंपात केंद्राची इमारत पडली होती, म्हणून बैठक पत्र्याच्या शेडमध्ये. साहेब खुशीत होते. म्हणाले, "औंदा सोपं आहे. घरं पडलेली सगळी माणसं शेडमध्ये एका जागी सापडलीत. दारोदार हिंडायला नको." एकदोघे हसले. माझ्या नावापुढं पुन्हा शून्य होतं. शिपायानं माळ आणली.

मी हात पुढं करून ती घेतली. गळ्यात घातली नाही. दोरा तोडला. पाकिटं टेबलावर साहेबांपुढं ठेवली.

"काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"साहेब, इथं आपण नऊ पुरुष आहोत. कुणी नसबंदी केलीय?"

साहेबांनी पाकिटं हातानं बाजूला सारली.

"तू मला विचारतोस? तुझी लायकी काय रे?"

"मी बाईला सगळं सांगणार. काय सुटतं, काय सुटत नाही. नवऱ्यालाही सांगणार. ती हो म्हणाली तरच नाव लिहिणार. नाही म्हणाली तर शून्य लिहा."

एक म्हातारी नर्सबाई खाली मान घालून पुटपुटली, "बस बाबा, खाली बस." मी बसलो नाही. बाहेर गेलो.

मेमो आला. मग बदली, पार हदगावकडं. मुलगी झाल्यावर मी स्वतः नसबंदी करून घेतली. ऑफिसात मला बायको म्हणून हाक मारायचे. मारू दिली. वहिनीची भरपाई त्यानं झाली नाही, हे मला कळतं.

आता मुलीच्या कोचिंगसाठी लातूरला खोली घेतली आहे. गल्लीभर मुलं-मुली, डॉक्टर व्हायला आलेली. परवा मुलगी पुस्तक घेऊन आली. "पप्पा, सरांनी हा प्रजननाचा धडा सोडला. म्हणाले, घरी वाचा, एखादाच प्रश्न येतो. पोरं मागं खिदळत होती." मग तिनं बोट ठेवून विचारलं, "नळी कापली तर परत जोडता येते का?"

तोच प्रश्न. या वेळी मी खरं उत्तर दिलं. मग वहिनीचं सगळं सांगितलं.

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "त्यांना मुद्दाम फसवलं तुम्ही."

"हाव."

आता दर रविवारी खोलीपुढच्या अंगणात मी मुलांना आणि मुलींना एकत्र बसवतो. तक्ता लावतो. तांबी, गोळ्या, निरोध, दोन्ही ऑपरेशनं, एकेक. सुरुवात मात्र तक्त्यानं करत नाही. आधी सांगतो की मी एका बाईशी खोटं बोललो, आणि तिचं नातं सांगतो.

घरमालक काल येऊन गेला. "हे घाण शिकवणं बंद करा, न्हाई तर खोली खाली करा."

खोली दुसरी बघेन. धडा सोडणार नाही.